पगार वाढला तरी काही वाटत नाही म्हणालास, त्यावर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास ना, आई प्रमोशन झालं, पगार वाढला, सगळ्यांना पार्टी पण दिली, आणि आठवड्याभरात परत तेच, काही वाटतच नाही. तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि बोलणं राहिलं, म्हणून आता बसून लिहिते. लांबलचक होणार आहे, सावकाश वाच.

पहिलं म्हणजे असं होणारा तू एकटा नाहीस. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली 22 माणसं, साधी घरातली 22 माणसं आणि अपघातात लुळेपणा आलेली 29 माणसं घेतली आणि सध्या किती सुखी आहात ते 0 ते 5 मध्ये विचारलं. लॉटरीवाल्यांचे आले 4.00, साध्या माणसांचे 3.82, म्हणजे धरण्यासारखा फरकच नाही, आणि वर लॉटरीवाल्यांना सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा असल्या रोजच्या गोष्टींत इतरांपेक्षा मजा कमी वाटत होती. अपघातवाल्यांचे आले 2.96. व्हॉट्सअॅपवर लोक फिरवतात की लॉटरी लागो नाहीतर पाय जावोत, वर्षभराने सगळे सारखेच सुखी, ते साफ खोटं आहे. 2.96 म्हणजे कमीच की, फक्त आपल्याला वाटतं तितकं कमी नाही. पण चांगल्या गोष्टीची मनाला पटकन सवय होते हे त्यातून दिसलं ते खरंच आहे, आणि तुझ्या पगाराचं तेच झालंय. पैसा नको असं मी कधीच म्हणणार नाही, तुझ्या बाबांनी घराचं कर्ज कसं फेडलं ते तू बघितलंयस.

आता मी गेली काही वर्षं जे वाचतेय ते सांगते. वर्गातल्या मुलांसाठी म्हणून वाचायला घेतलं आणि मग सुटलंच नाही. पॉझिटिव्ह सायकॉलॉजी म्हणतात त्याला. नाव अब्राहम मास्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1954 मध्येच वापरलं होतं पण विषय उभा राहिला 1998 मध्ये, मार्टिन सेलिगमन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले तेव्हा. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्र सगळं आजारामागे लागलं, डिप्रेशन, भीती, व्यसनं, आणि ते गरजेचं होतंच, पण माणसाचं बरं कशाने चालतं याचा अभ्यास मागे पडला.

त्यांनी एक गोष्ट स्वतःच लिहून ठेवलीय, ती मला फार आवडते. बागेत ते तण काढत होते आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी तण हवेत उडवत नाचत होती, हे तिच्यावर ओरडले. ती निघून गेली, थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली की बाबा, मी तीन वर्षांची असल्यापासून रोज किरकिर करायचे, पाचव्या वाढदिवसाला ठरवलं की आता करायची नाही, ते खूप कठीण होतं पण मी केलं, मग तुम्हाला चिडचिड सोडायला काय होतं? सेलिगमन म्हणतात, पोरं वाढवायची म्हणजे त्यांच्यातलं चुकीचं दुरुस्त करत बसणं नव्हे, त्यांच्यात जे चांगलं आहे ते ओळखून वाढवणं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ओंकार, आपल्याकडे पालकसभेत मी बघते, प्रत्येक आईबापाला मुलाचं काय कमी आहे ते तोंडपाठ असतं. काय चांगलं आहे विचारलं की गप्प होतात.

पुढे 2011 मध्ये सेलिगमननी सुखी जगण्याचे पाच भाग मांडले: आनंदाच्या भावना, कामात रंगून जाणं, नाती, जगण्याला अर्थ, आणि काही साध्य करणं. तुझं प्रमोशन यातल्या शेवटच्यात येतं. बाकीच्यात तुझं सध्या काय चाललंय ते तूच बघ, मी दोनांबद्दलच लिहिते कारण तुझ्या बोलण्यात ती दोन मला कुठे ऐकूच येत नाहीत.

एक, रंगून जाणं. मिहाय चिक्सेंटमिहाय म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, 2021 मध्ये वारले, त्यांनी चित्रकार, बुद्धिबळ खेळणारे, कडे चढणारे, सर्जन अशा लोकांना विचारून विचारून या अवस्थेचा अभ्यास केला, तिला ते फ्लो म्हणायचे. काम आपल्या कौशल्याला पुरेसं कठीण हवं, फार सोपं असेल तर कंटाळा, फार कठीण असेल तर धास्ती, पुढे काय करायचं ते स्पष्ट हवं, आणि जमतंय की नाही ते लगेच कळायला हवं. हे वाचताना मला सारखा आपला दशावतार दिसत होता. जत्रेच्या रात्री देवळाच्या मागे पेटाऱ्याला आरसा टेकवून बसलेला तो माणूस आठवतो तुला? दिवसा रिक्षा चालवतो, रात्री स्वतःचा रंग स्वतःच लावतो, भुवयांची रेघ ओढताना श्वास रोखून बसतो, कोणी हाक मारली तरी मान वळवत नाही. लिहिलेले संवाद नाहीत, फक्त आख्यान ठरलेलं, समोरचा राजा काय बोलेल त्यावर याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, पखवाज त्याच्याबरोबर वर चढतो, आणि बोलणं फसलं तर समोर बसलेल्या म्हाताऱ्या लगेच पान जुळवायला घेतात, म्हणजे निकाल जागेवरच. पहाटे दहीकाल्यापर्यंत उभा असतो. त्याला विचारलंस की रात्रभर मजा आली का तर तो म्हणेल, कळलाच नाय रे, उजाडला कधी ता. चिक्सेंटमिहायंना सगळीकडे हेच ऐकू आलं, की वेळेचं भान राहत नाही, आणि आपण आनंदी आहोत का हा प्रश्न त्या वेळी डोक्यात येतच नाही, तो नंतर येतो. तुझं पूर्वी असं पेटीचं व्हायचं. भजनाच्या बारीत पेटी धरलीस की जेवायला हाका मारून आम्ही थकायचो. ती पेटी पुण्याला नेलीयस, पण शेवटची कधी उघडलीस?

दुसरं, माणसं. हार्वर्डचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे, सुरुवातीला 724 जण होते, काही हार्वर्डचे विद्यार्थी आणि बाकी बोस्टनच्या गरीब वस्तीतले पोरगे, सगळ्यांच्या अख्ख्या आयुष्याची नोंद ठेवली, आता त्यांच्या मुलांची ठेवतात. आत्ताचे प्रमुख रॉबर्ट वाल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते तेच ऐंशीला जास्त तब्येतीत होते, कोलेस्टेरॉल बघूनसुद्धा इतका अंदाज येत नव्हता. म्हणून मी तुला सारखी विचारते की रूमवर कोण कोण असतं, बरोबर जेवता की आपापलं पार्सल घेऊन आपापल्या खोलीत. ते टोचायला विचारत नाही रे. आजीसुद्धा "जेवलंस काय, कोणाबरोबर जेवलंस" असंच विचारते, काय जेवलास ते नंतर.

एक उपाय तपासून बघितलेला आहे तो कर. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं, एक आठवडा. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे इंटरनेटवरून लोकांना करायला लावलं, नुसत्या लहानपणीच्या आठवणी लिहिणाऱ्यांशी तुलना केली, तर तीन गोष्टींवाल्यांचा फरक सहा महिन्यांनीही दिसत होता, त्यात ज्यांनी स्वतःहून पुढे चालू ठेवलं त्यांना जास्त. "का" गाळू नकोस, माझ्या मते सगळं त्यातच आहे. माझ्या वहीतलं सांगते. सातवीतली एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती, तिने काल फळ्यावर गणित सोडवलं. का? तर मैत्रिणीला तिच्या शेजारी उभं केलं म्हणून. म्हणजे उद्या दुसऱ्या कोणासाठी पण हे करता येईल. शेजारची माई मागच्या दाराने तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं देऊन गेली. का? तर गेल्या आठवड्यात तिच्या पेन्शनचे कागद मी भरून दिले.

या विषयात चुकीचं पण बरंच निघालं, ते लपवायचं नाही. 2005 मध्ये एका शोधनिबंधात लिहिलं होतं की चांगल्या आणि वाईट भावनांचं प्रमाण 2.9013 च्या वर गेलं की माणूस बहरतो. जगभर लोकांनी ते खरं धरलं. निक ब्राउन नावाचा माणूस, आयटीतलाच, पन्नाशी उलटल्यावर लंडनला पार्टटाइम हा विषय शिकत होता, त्याला हे गणित खटकलं, त्याने दोघा जाणत्यांना बरोबर घेतलं आणि 2013 मध्ये दाखवून दिलं की या आकड्याला काही आधारच नाही. मग ते गणित मागे घ्यावं लागलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. म्हणून कोणी तुला बी पॉझिटिव्ह म्हणून हसायला लावत असेल तर ऐकू नकोस. बाबांच्या आजारपणात मला खूप लोकांनी तसं सांगितलं, आणि रडणं दाबायला लागलं त्याचाच जास्त त्रास झाला. वाईट वाटलं तर वाटू दे, मला सांग, अर्ध्या रात्री सांग.

आणि हे "काही वाटत नाही" जर दोन आठवड्यांहून जास्त राहिलं, झोप उडाली, जेवण जाईना झालं, तर या वह्यांवर थांबायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेव, तुला नाही तर तुझ्या टीममधल्या कोणाला लागेल.

जत्रेची तारीख ठरली की कळवते. आंबोलीवरून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या लगेच फुल होतात, तेव्हा रजा आधी टाक आणि पेटी घेऊन ये, भजनाला सध्या पेटीवर कोणी नाहीये.

तुझी आई