आकडा आधी, हिशेब मागाहून

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थायलंडमधील राजकीय पक्ष निवडणुकीच्या तोंडावर मतदारांना काय काय देऊ करतात, याच्या बातम्या आपल्याकडे बहुधा गमतीच्या सुरात छापल्या जातात, आणि बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या सकाळच्या मंडळींतही त्या तशाच वाचल्या जातात. बँकॉक-पट्टायाची सहल करून आलेला एकजण तरी त्या मंडळींत असतोच, आणि ‘तिकडे तर सरकार सोळा वर्षांच्या पोरालाही दहा हजार बाट (बाट म्हणजे तिकडचे चलन) देणार होते’ असे तो सांगू लागला की सगळे हसतात. मी एका बँकेत कर्जखात्यांच्या कामात आयुष्य घालवले आहे. अर्जदाराला पैसे कशासाठी हवेत यापेक्षा ते कशातून फिटणार, हे आधी विचारण्याची सवय त्यामुळे अंगी मुरली आहे. त्या सवयीने या बातम्या वाचल्या तर हसू जरा उशिरा येते.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आश्वासन अवाढव्य आहे, एवढ्यावरून ते पोकळ ठरत नाही. २००१च्या जानेवारीत थाक्सिन शिनावात्रा यांच्या ‘थाय राक थाय’ पक्षाने कोणत्याही आजारावर ३० बाटांत उपचार, प्रत्येक खेड्याला दहा लाख बाटांचा फिरता निधी आणि शेतकऱ्यांच्या कर्जफेडीला तीन वर्षांची स्थगिती, अशी आश्वासने देऊन निवडणूक जिंकली, तेव्हा त्यांची टिंगल करणारे पुष्कळ होते. परंतु ३० बाटांची योजना उभी राहिली, २००२ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला, आणि पुढे २००६ व २०१४ या दोन लष्करी उठावांनंतरही ती मोडीत निघाली नाही. याचे कारण असे की ती घोषणा पक्षाच्या कार्यालयात एका रात्रीत जुळवलेली नव्हती. डॉ. सांगुआन नितयारुम्फोंग यांच्यासारखे आरोग्य खात्यातील डॉक्टर कित्येक वर्षे त्या कल्पनेवर काम करत होते, इस्पितळांना मिळणारे सरकारी पैसे दरडोई हिशेबाने वाटले तर काय होईल याची मांडणी त्यांनी करून ठेवली होती, आणि सत्ता आल्यावरही योजना एकदम देशभर न लादता आधी सहा प्रांतांत चालवून पाहण्यात आली. दरडोई १,२०२ बाट हा आरंभीचा आकडा खर्चाच्या हिशेबातून निघालेला होता. तो प्रचाराच्या फलकावर शोभावा म्हणून ठरवलेला नव्हता.

याच घराण्याने दहा वर्षांनी नेमके उलटे केले. २०११ च्या निवडणुकीत थाक्सिन यांच्या भगिनी यिंगलक शिनावात्रा यांच्या ‘फ्यू थाय’ पक्षाने किमान दैनिक मजुरी ३०० बाट, पहिलीच्या मुलांना टॅब्लेट, पहिल्या मोटारगाडीवर कराची परतफेड, आणि या सर्वांवर कडी म्हणून शेतकऱ्याचे साधे भात टनामागे १५,००० बाटांना आणि सुगंधी भात २०,००० बाटांना तारण घेण्याचे वचन दिले. हा भाव बाजारभावाच्या जवळपास दीडपट होता. एवढा चढा भाव परवडणार कसा, याचे उत्तर असे होते की जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार देश आपणच असल्यामुळे आपण माल गोदामात अडवून धरला की जगाचा भाव वर चढेल आणि मग तो विकून पैसे सुटतील. अडत्याने साठेबाजी केली तर त्याला आपण काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही. पण असा सौदा करताना शेजारच्या दुकानात माल नाही ना, एवढे तरी तो पाहून घेतो. ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली, आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये, भारताने बिगर-बासमती तांदळावरील निर्यातबंदी उठवली होती. २०१२ मध्ये भारत पहिल्या क्रमांकावर गेला, व्हिएतनाम दुसऱ्या, आणि थायलंड तिसऱ्या. गोदामे मात्र भरलेलीच राहिली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असे आपण म्हणतो. तिथे भात खरोखरचा होता, फक्त त्याला गिऱ्हाईक नव्हते.

या प्रकरणातील एक प्रसंग माझ्यासारख्या बँकवाल्याच्या मनातून जात नाही. २०१४ च्या आरंभी संसद विसर्जित होऊन काळजीवाहू सरकार उरले होते, त्याला नवे कर्ज उभारता येईना, आणि भात घालून महिने लोटलेले शेतकरी पैशांसाठी बँकॉकमध्ये येऊन बसले. तेव्हा सरकारी बचत बँकेने भाताचे पैसे चुकते करणाऱ्या शेती बँकेला कर्ज दिल्याची बातमी फुटली. आपल्या ठेवी तांदळात जाणार, या भीतीने ठेवीदारांनी फेब्रुवारीत एकाच दिवसात सुमारे तीन हजार कोटी बाट काढून घेतले आणि त्या बँकेच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. निवडणुकीच्या सभेत ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच भाऊबंदांनी पासबुक घेऊन रांग लावली असेल, असे माझ्या मनात नेहमी येते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: मे महिन्यात लष्करी उठाव झाला आणि २०१७ मध्ये यिंगलक यांना त्यांच्या गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

उठाव करणाऱ्यांच्या बाजूचे पक्ष तरी हात आखडून होते, असे कोणी समजू नये. २०१९ च्या निवडणुकीत, त्या उठावाचे नेते जनरल प्रयुत यांना पुन्हा पंतप्रधान करू पाहणाऱ्या ‘पलांग प्रचारत’ पक्षाने किमान मजुरी ४०० ते ४२५ बाट करण्याचे आश्वासन दिले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती ३२८ ते ३५४ बाटांपर्यंत पोहोचली, आणि तेवढ्यात पुढची निवडणूक आली.

त्या पुढच्या, म्हणजे मे २०२३ च्या, निवडणुकीत ‘फ्यू थाय’ने सोळा वर्षांवरील प्रत्येकाला १०,००० बाट मोबाइलमधील डिजिटल पाकिटात देण्याचे जाहीर केले. ते पैसे घरापासून चार किलोमीटरांच्या आत आणि सहा महिन्यांच्या आत खर्च करायचे होते. खर्चाचा अंदाज ५६ हजार कोटी बाटांचा. येथे थायलंडच्या कायद्यातील एक चांगली तरतूद सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडे नाही. २०१७ च्या राजकीय पक्ष कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार, ज्या आश्वासनाला पैसे लागतात त्याचा खर्च किती, पैसे कुठून येणार, लाभ काय आणि धोका काय, हे पक्षाने लिहून द्यावे लागते. ‘फ्यू थाय’ने तसे लिहूनही दिले: पुढील वर्षी वाढणारा कर, या योजनेमुळेच फिरणाऱ्या पैशावर मिळणारा कर, अर्थसंकल्पातील काटकसर आणि एकमेकांवर चढलेल्या कल्याणयोजनांची छाटणी. यातील दुसरी बाब मी पुन्हा पुन्हा वाचली. कर्जदाराने ‘तुम्ही कर्ज द्या, म्हणजे त्यातूनच मी ते फेडीन’ असे अर्जात लिहावे, तसा तो प्रकार आहे. या चार ओळींत कर्जाचे नाव नव्हते. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच पक्षाचे पंतप्रधान स्रेत्था थाविसिन यांनी त्याच योजनेसाठी ५० हजार कोटी बाटांच्या कर्जाचा कायदा आणण्याचे जाहीर केले. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे सांगायला त्यांच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होतेच. त्यांचे कोणी ऐकले नाही, पण कर्जाचा बेतही बारगळला. अखेरीस सप्टेंबर २०२४ मध्ये, डिजिटल पाकीट बाजूला ठेवून, सुमारे १ कोटी ४५ लाख गरीब व अपंग नागरिकांना रोख रक्कम देण्यात आली. नंतर वृद्धांची पाळी आली, आणि सोळा ते वीस वयाच्या ज्या मुलांच्या नावाने आमची मंडळी हसतात, त्यांचा हप्ता २०२५ मध्ये पुढे ढकलला गेला. गरिबांच्या हाती पैसे पडले, याचे मला वाईट वाटत नाही. परंतु ज्यासाठी मत मागितले आणि जे दिले, त्यांत नावाखेरीज फारसे साम्य उरले नव्हते.

लेकी बोले सुने लागे, असा आरोप माझ्यावर होईल, आणि तो मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एका आघाडीने बहिणींचे १,५०० रुपये २,१०० करण्याचे सांगितले तेव्हा दुसरीने ३,००० सांगितले, आणि लिलावात बोली चढावी तसा तो आकडा चढताना आम्ही बडोद्यात बसून वाचत होतो. आपल्या निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर, २०१४ मध्ये, जाहीरनाम्यातील आश्वासनांचा खर्च कशातून भागवणार ते ढोबळमानाने सांगावे, अशी सूचना केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यासाठी एक तक्ताही सुचवून पक्षांची मते मागवली. ढोबळमानाने या शब्दात केवढे मावते, ते जाहीरनामे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

बडोदेकर म्हणून एक आठवण येथे देतो. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केले आणि ते संपूर्ण संस्थानात लागू केले १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षे शिक्षक, शाळा आणि खर्च यांचा अंदाज घेण्यात गेली. महाराजांना मते मागायची नव्हती, हे खरेच. पाच वर्षांनी दारात येणाऱ्या उमेदवाराकडून तेरा वर्षांचा धीर कोणी मागू नये. पण कुठल्या तरी एका तालुक्यात, एका प्रांतात, तुम्ही हे करून पाहिले आहे काय, असे विचारण्यास हरकत कोणाची?

म्हणून आपणांस विनंती अशी की, यापुढे कोणत्याही पक्षाचे, आपल्या देशातील असो वा परदेशातील, मोठ्या रकमेचे आश्वासन छापताना त्या बातमीखाली दोन ओळींची जागा राखून ठेवावी: हे पैसे कशातून येणार याविषयी पक्षाने काय सांगितले, आणि ही योजना याआधी कुठे चालवून पाहिली. पक्षाने काही सांगितले नसेल तर त्या ओळी कोऱ्याच छापाव्यात.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे