मर्ज करताय, पण कोण कोणात?

फोंडा, गोवा

प्रिय विन्या,

तुझा मेसेज वाचला. फोनवरच सांगणार होतो, पण हे दोन मिनिटांत उरकायचं काम नाही म्हणून निवांत लिहायला बसलो. तुमची पतसंस्था आणि ती शेजारची मोठी पतसंस्था एक होणार, सभासदांना जायच्या पत्राचा इंग्रजी मसुदा तुझ्याकडे आलाय, आणि तू विचारतोस की कम्बाइन लिहू, अमाल्गमेट लिहू की मर्ज. मला विचारशील तर मर्जच लिही, पण त्याच्या पुढे इन्टू येणार की विथ, हे आधी ठरव. सभासदाला जे कळायला हवं ते सगळं तिथंच आहे बघ.

आधी बाकीचे शब्द बाजूला करतो. मिक्स म्हणजे नुसतं मिसळणं, ते संस्थेला लावूच नको. ब्लेंड म्हणजे असं मिसळणं की काय कुठलं ते वेगळं काढता येत नाही, आपल्या सोलकढीत नारळाचा रस आणि कोकम असतं ना तसं. कम्बाइन म्हणजे एखाद्या कामासाठी गोष्टी एकत्र आणणं. भातकापणीला जे मशीन येतं त्याला कम्बाइन म्हणतात ते याचसाठी, कापणी, मळणी आणि पाखडणी तिन्ही कामं ते एकाच फेरीत करतं, पण तिन्ही कामं आपापल्या जागी वेगळीच राहतात. त्यामुळे दोन संस्थांनी कम्बाइन केलं असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल की दोघी मिळून काहीतरी उपक्रम काढतायत, आणि उद्या तुमच्या संस्थेची पाटी उतरली की लोक तुलाच येऊन विचारतील.

आता मर्ज. मूळ लॅटिन मेर्गेरे, अर्थ बुडवणं, पाण्यात खाली घालणं. सबमर्ज म्हणजे बुडणं, इमर्ज म्हणजे वर येणं, आणि अचानक वर उसळून येते ती इमर्जन्सी, सगळी एकाच घरातली मंडळी. म्हणजे या शब्दाच्या पोटातच बुडणं आहे. कायद्यात तर हा अर्थ अगदी स्वच्छ दिसतो. एखादा भाडेकरू ज्या घरात राहतो तेच घर पूर्ण मालकीने विकत घेतो, मग तो स्वतःच स्वतःचा भाडेकरू कसा राहणार, भाडेपट्टा मालकीत मर्ज होतो आणि संपतो. आपल्या १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टच्या कलम १११ मधे भाडेपट्टा कसकसा संपतो ते दिलंय, त्यात हेही आहे. लहान हक्क मोठ्या हक्कात बुडतो, मोठा बुडत नाही.

पण दरवेळी कोणी बुडतंच असं नाही हं, आणि मला हा शब्द आवडतो तो त्यासाठीच. पणजीत अटल सेतूवरून उतरणारी गाडी खालच्या रांगेत मर्ज होते, तेव्हा तुझी गाडी तुझीच राहते, फक्त रांग एक होते. प्रोग्रामिंगवाले गिटमधे, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, कोडच्या दोन शाखा मर्ज करतात तेव्हा दोन्हीकडचा इतिहास शाबूत राहतो, आणि एकच ओळ दोघांनी वेगवेगळी बदललेली असेल तर मशीन तिथं थांबतं, कुठली ठेवायची ते माणसाला ठरवायला लावतं. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. उलट एक्सेलमधे चार भरलेले सेल मर्ज केलेस की वरचा डावीकडचा मजकूर तेवढा राहतो, बाकीचे तीन जातात! शब्द तोच, वागणूक वेगळी.

म्हणून इन्टू आणि विथ. अ मर्जेस इन्टू ब म्हणजे अ चं नाव गेलं, ब राहिला. अ मर्जेस विथ ब म्हणजे दोघं एकत्र आले, नाव कोणाचं राहणार ते या वाक्यातून कळत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. मर्ज टुगेदर मात्र लिहू नको, एकत्र येणं मर्जमधेच आलं. अमाल्गमेट हा कायद्याच्या कागदातला शब्द, १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली त्या योजनेच्या नावातच अमाल्गमेशन होतं, आणि तिथंही पुढे इन्टूच. आमच्या बाबांचं खातं सिंडिकेटचं. पैसे जागच्या जागी होते, पण १ जुलै २०२१ पासून जुना आयएफएससी कोड बंद झाला आणि नवीन कोड पाठ करताना ते म्हणाले, बँक गेली रे आपली. त्यांना त्या योजनेतलं एक कलमही माहीत नव्हतं तरी त्यांनी इन्टूचा अर्थ बरोबर सांगितला.

आणि आम्हा गोंयकारांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तुला माहीत आहेच, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित रहावा. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. मतदान निर्भेळ व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१, म्हणजे फरक ३४,०२१ चा. आमच्याच घरात आजोबा फुलाचे आणि त्यांचे धाकटे भाऊ दोन पानांचे, दोघंही मराठी पेपर वाचणारे, दोघंही भजनाला एकाच मंडपात बसणारे, आणि त्या दिवसांत दोघांत बोलणं बंद. आजोबा म्हणायचे आपली भाषा एक, देव एक, मग वेगळं कशाला. धाकटे म्हणायचे मोठ्या घरात गेल्यावर आपली चूल कुठली ते कोण विचारणार. मला दोघांचंही म्हणणं मनापासून पटतं, आणि त्यानंतर काय झालं ते बघ, त्याच वर्षी निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांनाच मुख्यमंत्री केलं, विलीनीकरण मागणाऱ्या माणसालाच! मी त्याचा अर्थ असा लावतो की लोकांना मराठी हवी होती, भाऊसाहेब हवे होते, महाराष्ट्राशी नातं हवं होतं, नको होता तो फक्त इन्टू. पुढे ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं.

तर तुझ्या पत्राकडे येतो. पहिल्याच वाक्यात स्पष्ट लिही की कुठली संस्था कुठल्या संस्थेत मर्ज होतेय, पुढे कुठलं नाव राहणार, ठेवींच्या पावत्या बदलून घ्यायच्या की जुन्याच चालणार, कर्जाचा हप्ता कुठे भरायचा, शेअर सर्टिफिकेटचं काय. संचालक म्हणतील इन्टू जरा कडक वाटतं, विथ घाल, गोड वाटेल. एकच नाव राहणार असेल तर घालू नको, ठाम रहा. म्हाताऱ्या ठेवीदारांनी आयुष्यभराची पुंजी तुमच्या पाटीवर विश्वासून ठेवलीय, पाटी उतरणार असेल तर त्यांना ते आधी कळायला हवं. आणि मराठी पत्रात विलीन लिही, एकत्रीकरण नको, त्यातून कोण कोणात ते कळतच नाही.

मसुदा झाला की आधी मला पाठव, रविवारी दुपारपर्यंत पाठवलास तर रात्री वाचून देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
सुऱ्या