हीटर पेटेना म्हणून कंट्रोल युनिट बदलण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिन बंद असतानाही टाकीतले इंधन जाळून केबिन किंवा कूलंट तापवणारा ऑक्झिलरी हीटर बंद पडला की बऱ्याचदा आधी कंट्रोल युनिट (हीटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलले जाते. बिघाड मात्र बहुतेक वेळा वीज, इंधन किंवा काजळी यांतच असतो. मल्टिमीटर आणि मोजपात्र हाताशी असेल तर हे तासाभरात कळते.

फॉल्ट कोडवर (हीटर दाखवतो त्या बिघाडाच्या संकेतांकावर) फार विसंबू नये. ‘ज्योत पेटली नाही’ असा कोड आला तर तो फक्त झालेली घटना सांगतो. ज्योत का पेटली नाही, हे आपल्यालाच शोधावे लागते.

सुरुवात विजेपासून करावी. ग्लो पिन (विजेने तापून इंधन पेटवणारी कांडी) तापत असताना 12 व्होल्टचा हीटर साधारण 8 ते 12 अँपिअर ओढतो. ज्योत स्थिरावली की ही गरज बरीच उतरते. म्हणून गाडी उभी असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट दिसले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. मीटर हीटरच्या कनेक्टरवर लावावा आणि पिन तापत असतानाच वाचन घ्यावे. तिथे व्होल्टेज 10.5 च्या आसपास उतरले की कंट्रोल युनिट हीटर बंद करते, आणि तेच त्याचे काम आहे. बॅटरी आणि कनेक्टर यांच्या वाचनात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर फ्यूज होल्डर, टर्मिनल आणि अर्थचा जोड उघडून पाहावा. गंजलेल्या जोडाचा रोध 0.1 ओहम असला तरी 10 अँपिअरला 1 व्होल्ट तिथेच खर्च होतो, आणि 10 वॅट उष्णता त्या जोडातच साठते. फ्यूज होल्डरचे प्लॅस्टिक वितळते ते यामुळेच.

वीज ठीक निघाली तर सायलेन्सरकडे पाहावे, कारण धूर पुष्कळ काही सांगतो. पांढरा धूर म्हणजे इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही; अशा वेळी ग्लो पिन किंवा तिच्याभोवतीची जाळी तपासावी. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे. हवेची नळी, सायलेन्सरची नळी आणि ब्लोअरचा (हवा देणाऱ्या पंख्याचा) वेग पाहावा. धूर मुळीच नसेल तर बहुधा इंधनच येत नाही.

डोसिंग पंपाची (हीटरला इंधन मोजून देणाऱ्या पंपाची) टिकटिक ऐकू आली म्हणजे इंधन पोहोचले, असे धरून चालू नये. पंप हवा ओढत असतानाही टिकटिकतो. हीटरकडची इंधननळी सोडवून मोजपात्रात धरावी, ठरलेल्या वेळात किती मिलिलिटर येते ते तीनदा मोजावे आणि सरासरी त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. कमी भरले तर पंपाच्या तोंडाची बारीक गाळणी आणि टाकीपासून पंपापर्यंतचे जोड पाहावेत. रबरी जोडात दोन नळ्यांची तोंडे एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये फट राहिली की तिथे बुडबुडा साचतो आणि ज्योत मध्येच विझते. पंप आडवा बसवणे हीही नेहमीची चूक आहे. त्याचे बाहेर देणारे तोंड वरच्या बाजूला तिरके असावे, म्हणजे हवा अडकत नाही. टाकीत इंधन कमी असेल तर आधी तेच भरावे, कारण बऱ्याच गाड्यांत हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही.

हीटर वारंवार पाच-दहा मिनिटेच चालवला की ज्वलनकक्षात काजळी धरते. महिन्यातून एकदा वीसेक मिनिटे पूर्ण क्षमतेने चालवल्यास ती बरीच टळते. काजळी काढण्यासाठी हीटर उघडला तर सिरॅमिक ग्लो पिन जपून हाताळावी. ती ठिसूळ असते. तिला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट देऊन तर कधीच तपासू नये, कारण काही पिना त्याहून कमी व्होल्टेजसाठी बनवलेल्या असतात आणि लगेच जळतात. गॅस्केट दर वेळी नवे घालावे. जुने ‘चांगले दिसते’ म्हणून परत बसवणे हवा तापवणाऱ्या हीटरमध्ये जिवावर बेतू शकते. तिथून गळलेला कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो, आणि त्याला वास नसतो. ज्या गाडीत कोणी झोपते, तिच्यात या वायूचा अलार्म हवाच.

कूलंट तापवणारा हीटर ‘अतितापमान’ दाखवून थांबत असेल, तर बर्नर उघडण्याआधी कूलंटमधली हवा काढावी आणि कूलंट फिरवणारा पंप खरोखर चालतो का ते पाहावे.

पेटत नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेले इंधन कक्षात साचते आणि काही प्रयत्नांनंतर युनिट स्वतःला लॉक करते. कारण दूर केल्यावरच लॉक काढावे. हीटर बंद केल्यावरही ब्लोअर काही मिनिटे चालतो, तो कक्ष थंड करण्यासाठी. त्या वेळात बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यास उष्णता आतच कोंडते आणि सेन्सर खराब होतात.

वर्कशॉपने कोणताही भाग बदलण्याआधी जॉबकार्डवर दोन आकडे लिहून द्यावेत, आणि मालकांनी ते मागून घ्यावेत, ही विनंती: पिन तापत असतानाचे कनेक्टरवरचे व्होल्टेज, आणि पंपाने मोजपात्रात दिलेले इंधन.

आपला,
एक वाहन-विद्युत तंत्रज्ञ