शाळा बंद करण्याआधी हिशेब मांडा : ठाणे जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, ठाणे

महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात तूट दिसू लागली की कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळेत समायोजित करण्याचा विषय हमखास पुढे येतो, आणि त्याची पहिली झळ शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना बसते. म्हणून अशा निर्णयाआधी नेमके किती रुपये वाचतात, हे जाहीरपणे मांडले जावे, अशी विनंती आहे.

शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानातून होते. शाळा बंद झाली तरी तिथला शिक्षक सेवेत राहतो, त्याचे फक्त समायोजन होते. पुढे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पदे घटली तरी ती बचत राज्याच्या तिजोरीची. जिल्हा परिषदेच्या तुटीला तिचा उपयोग नाही. जिल्हा परिषदेच्या हाती उरते ते वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती. उलट शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. ती नसेल तर मुलांच्या वाहतुकीचा खर्च शासनावरच येतो. पावसाळ्यात ओढे भरून वाहत असताना ही वाहतूक कशी चालणार, हे कागदावर कुठेच येत नाही.

२०२३ मध्ये समूह शाळांसाठी, म्हणजे अनेक लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा चालवण्यासाठी, तोरणमाळ (नंदुरबार) आणि पानशेतचे (पुणे) दाखले दिले गेले. ते प्रयोग त्यांच्या जागी योग्य असतीलही. मात्र पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीने रोज प्रवास करण्यापेक्षा शिक्षकाने प्रवास करणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही. एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटातील, चार-पाच लहान शाळांनी इंग्रजी, विज्ञान आणि कला यांचे शिक्षक, प्रयोगसाहित्य व ग्रंथपेटी वाटून घ्यावी, वार ठरवून द्यावेत आणि कारकुनी नोंदी केंद्रावर एकत्र कराव्यात. शिक्षकाचा निम्मा दिवस माहिती भरण्यात जातो, ही तक्रार तशीही जुनीच आहे. रिकाम्या वर्गखोल्या अंगणवाडीला दिल्यास तिचे भाडे वाचेल आणि पहिलीचा पटही टिकेल.

उत्पन्नाची बाजूही तपासावी. भिवंडीतील गोदामे आणि कल्याण-अंबरनाथच्या ग्रामीण पट्ट्यातील जमिनींच्या व्यवहारांतून जमा होणाऱ्या मुद्रांक शुल्कात जिल्हा परिषदेचा वाटा असतो. तो वेळेवर आणि पूर्ण मिळतो का, याचे विवरण प्रसिद्ध व्हावे. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून थेट मिळणाऱ्या ५ टक्के निधीतून शाळादुरुस्तीची कामे सुचवण्यास ग्रामसभांना प्रोत्साहन द्यावे. वर्षअखेरीस घाईने खर्ची पडणाऱ्या नियोजन समितीच्या निधीबद्दल वेगळे लिहायला नको.

समितीच्या येत्या बैठकीत हा तालुकानिहाय हिशेब मांडावा आणि तोवर शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही शाळा बंद करू नये, ही विनंती.

कळावे,
ठाण्यातील एक करदाता नागरिक