अदिस अबाबाहून आईबाबांना

अदिस अबाबा, 26 डिसेंबर 2021

ती. सौ. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आमचे एक सर सुट्टीला मिरजेला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर आई रडायला लागते आणि मी नुसतं ‘बरा आहे’ म्हणत बसतो.

आधी टीव्हीवरचं. उत्तरेकडच्या टिग्रे प्रांताचं बंडखोर सैन्य राजधानीत शिरणार म्हणत होते, ते दोनेकशे किलोमीटरवरच अडलं. म्हणजे पुणे-नाशिक. पंतप्रधान अबी नोव्हेंबरात स्वतः आघाडीवर गेले, मग डेसी, कोंबोल्चा ही शहरं परत मिळाली, आणि गेल्या आठवड्यात टिग्रेवाल्यांनी माघार जाहीर केली. अमेरिकेनं आपली माणसं बोलावली, मग तू का नाही, असं दादानं तीनदा विचारलं. अमेरिकेचं सोडा. माझा दोनदा रस्त्यात पासपोर्ट पाहिला, बस.

इथलं घड्याळ मात्र सांगायलाच हवं. यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. आपल्या सातला हे ‘एक’ म्हणतात, दुपारी बाराला ‘सहा’, संध्याकाळी सातला पुन्हा ‘एक’. माझ्या घड्याळात काटा सातवर असला, की घरमालकीणबाई सरळ समोरचा एक वाचतात. नळवाल्याला ‘दोन वाजता ये’ म्हटलं, तर तो सकाळी आठला दारात, माझ्या तोंडात ब्रश! बाबा, पूर्वी सूर्योदयापासून घटका मोजायचे म्हणता ना, तसंच काहीसं. महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. आणि साल अजून 2014! तेव्हा आई, मी इथं सात वर्षांनी लहान आहे, स्थळं बघायची घाई नको.

विभागात टिग्रेमधल्या मेकेलेचा एकजण आहे. जूनअखेरीपासून तिकडचे फोन बंद. परवा माझा फोन उशिरा आला म्हणून तू जेवली नाहीस, ते मी त्याला हसत हसत सांगून बसलो. तो हसला नाही. टिग्रेच्या लोकांची धरपकड चालू होती तेव्हा, नोव्हेंबरात, तो बरेच दिवस आला नव्हता. आला तेव्हा मी काही विचारलंही नाही.

आता पैशांचं. वर्षापूर्वी डॉलरला 39 बिर पडायचे, आता 49. त्यात बँकेत डॉलर मिळता मिळत नाहीत. घराचे दोन हप्ते बाबांनी पेन्शनमधून भरले, ते मला कळलंय. चिंगीनं सांगितलं, तिला रागावू नका. तिचं लग्न माझ्यासाठी अडवू नका, वैशाखातला मुहूर्त धरा. सरांबरोबर भाजलेली कॉफी पाठवतोय, व्याह्यांकडेही थोडी द्या.

बाबांचं मोतीबिंदूचं मार्चमध्ये मी आल्यावर करू, असं ठरलं होतं. दादाला सांगून आधीच करून घ्या. करार मी ऑक्टोबरातच वर्षभर वाढवून घेतलाय. सांगायचं राहून गेलं.

तुमचा,
बाळू