कुंडीतले क्रोकस आणि तुझी गच्ची

केंब्रिज, इंग्लंड,
दि. २२ फेब्रुवारी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात पाठवलेले क्रोकसच्या फुलांच्या कुंडीचे छायाचित्र पाहून तू जे पत्र लिहिलेस, त्यात कौतुकाच्या दोन ओळी आणि मागणीच्या दहा ओळी आहेत. तुझ्या कोथरूडच्या गच्चीवर ही फुले येतील का, आणि येणार असतील तर डिसेंबरात येताना मी त्यांचे ‘चार कांदे’ बॅगेत टाकून आणावेत, असा एकंदर आशय. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण सावकाश देतो. कारण ही फुले वाढवताना माझ्या हातून जे घडले ते समजल्याशिवाय माझ्या उत्तरावर तू विश्वास ठेवणार नाहीस.

पहिली दुरुस्ती अशी, की तो कांदा नव्हेच. कांदा कापला की पापुद्रे निघतात. क्रोकसचा कंद कापला तर आतून सुरणासारखा भरीव निघतो. आकाराने मोठ्या सुपारीएवढा, अंगावर तपकिरी जाळीदार साल आणि वर एक टोक. मी आपला त्याला गड्डा म्हणतो. दरवर्षी जुना गड्डा सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा गड्डा बसतो. असे होत राहिले तर पाच-सात वर्षांत सगळे गड्डे जमिनीच्या वर यायला हवेत. पण नव्या गड्ड्याला काही जाड मुळे फुटतात, ती आकसतात आणि त्याला खाली ओढून घेतात. हे वाचले तेव्हा मला खरे वाटले नव्हते. मागल्या जूनमध्ये कुंडी रिकामी केली तेव्हा ती सुरकुतलेली पांढरी मुळे प्रत्यक्ष पाहिली.

आता पहिल्या वर्षाची कथा. तेव्हा आम्ही या घरात नुकतेच आलो होतो. सप्टेंबरात बाजारातून ‘पिकविक’ नावाच्या जातीचे पंचवीस गड्डे आणले. फिकट जांभळ्या पाकळ्यांवर गडद जांभळ्या रेघा असलेली ही जात, धुवून फिकी पडलेली इरकली साडी आठवावी अशी. उत्तम माती आणली, आणि बाहेर थंडी वाढू लागल्यावर त्या बिचाऱ्यांना गारठा नको म्हणून कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत, हीटरच्या वर ठेवली. रोज पाणी घातले. डिसेंबरात पाती आली, लांबच लांब आली आणि कुंडीच्या काठावरून खाली लोंबू लागली. कळ्याही दिसल्या, पण बाहेर येण्याआधीच त्या कागदासारख्या सुकल्या. पंचविसांपैकी एकही फूल उमलले नाही. काकू निशिगंधाच्या कंदांना ज्या मायेने जपत असत तीच माया मी येथे केली होती, आणि त्या मायेनेच घात झाला.

कारण नंतर समजले. वसंतातले क्रोकस मूळचे युरोपातल्या डोंगरांवरचे, बर्फ वितळता वितळता फुलणारे. पुढच्या वर्षीचे फूल गड्ड्याच्या आत उन्हाळ्यातच आकार घेते, पण ते लांब होऊन बाहेर येण्यासाठी गड्ड्याला साधारण बारा ते चौदा आठवडे सलग गारवा लागतो, तोही नऊ अंशांच्या खालचा. या काळात वर काहीच दिसत नाही. खाली मुळे मात्र कुंडीभर पसरतात. हा मुक्काम अर्धवट सोडून त्यांना उबेत आणले, तर पाने धावत सुटतात आणि फूल मागे राहते. तेव्हा कुंडीतल्या क्रोकसचे अर्धे शास्त्र म्हणजे त्यांना बाहेर थंडीत ठेवणे आणि स्वतः घरात बसणे.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो, परंतु खार माझ्याहून शहाणी निघाली. येथली करडी खार आपल्या खारोटीच्या तिप्पट तरी असेल, आणि नुकती उकरलेली माती तिला दुरून समजते. ऑक्टोबरात लावलेले निम्मे गड्डे तिने एका दुपारी उकरून नेले. तेव्हापासून मी कुंडीच्या तोंडावर कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी बांधतो आणि कोंब बोटभर वर आले की सोडतो. खार हटली की चिमण्या येतात. पिवळ्या फुलांवर त्यांचा विशेष राग असतो, जांभळ्यांना त्या सहसा सोडून देतात. असे का, हे त्यांनाच ठाऊक. आपल्याकडे चिमण्या दिसेनाशा झाल्या म्हणून आपण हळहळतो, आणि येथे मी पहाटे खिडकीतून त्यांना हाकलतो आहे, याची मला लाज वाटते हे प्रांजळपणे लिहितो.

लागवडीचे तपशील तुला हवे आहेत म्हणून सांगतो. कुंडी उथळ आणि पसरट असली तरी चालते, पण तळाला भोके हवीतच, आणि त्यांवर आपण ठेवतो तशी खापरी. तीन भाग कुंडीमाती आणि एक भाग बारीक खडी असे मिश्रण करावे. पाणी साचले की गड्डा कुजतो, आणि कुजलेल्या गड्ड्याला उपाय नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गड्डे टोक वर करून, एकमेकांना न टेकतील इतपत जवळ लावावेत. वीतभर रुंदीच्या कुंडीत माझे बारा-पंधरा सहज बसतात. जमिनीत ते चार बोटे खोल लावतात, कुंडीत त्याहून थोडे वर असले तरी बिघडत नाही. एकदा भरपूर पाणी द्यावे आणि नंतर माती कोरडी वाटली तरच. कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, कारण तळाशी अडकलेले पाणी गोठून फुगते आणि मातीची कुंडी तडकते. माझी एक अशीच गेली. सकाळी दार उघडले तर कुंडीचे दोन तुकडे दोन बाजूंना आणि मधोमध गोठलेला मातीचा गोळा तसाच उभा.

आणि मग फेब्रुवारी. याबद्दल मात्र मी थोडे अधिक लिहिणार आहे, ते तू सहन कर. दोन महिने आकाश राखेच्या रंगाचे असते, दुपारी चारला दिवे लागतात, आणि अशा वेळी कुंडीतून पांढऱ्या आवरणातली निमुळती टोके वर येतात. पाने सुईसारखी असून प्रत्येक पानाच्या मध्यावर खडूने ओढावी तशी पांढरी रेघ असते. फुलाचा देठ म्हणून जो दिसतो तो देठ नसतोच. ती पाकळ्यांचीच लांब नळी असते आणि ती थेट मातीखाली जाते. फुलाचा बीजकोश तिथे जमिनीत, गड्ड्याजवळ, थंडीपासून सुरक्षित असतो. फूल सुकून कित्येक आठवडे झाल्यावर, सगळे विसरून गेल्यावर, बीजाची बोंडे मातीतून वर येतात.

ढगाळ दिवशी फूल मिटलेलेच राहते. परवा मी एक कुंडी मुद्दाम घरात आणून टेबलावर ठेवली आणि घड्याळ लावून बसलो. चहा संपेपर्यंत सगळी फुले उघडली होती. हा परिणाम प्रकाशापेक्षा उबेचा अधिक आहे. ऊब मिळाली की पाकळ्यांची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भरभर वाढते आणि पाकळी बाहेर कलते, गार झाले की उलट होते. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा त्यांना समजतो म्हणतात. परत बाहेर ठेवली तेव्हा संध्याकाळ व्हायच्या आत ती मिटली. आपल्या वर्गातला तो विजापूरचा मुलगा आठवतो का, जो मास्तर हसले की हसायचा आणि गंभीर झाले की लगेच तोंड मिटायचा? अगदी तसे. उन्हाच्या तासाभरात मात्र केसाळ, जाडजूड भुंगे येतात. हिवाळाभर जमिनीत झोपलेल्या त्या राण्या असतात, आणि भुकेने त्यांची दशा अशी असते की परागांनी माखलेल्या फुलातून त्यांना उठवत नाही.

काकूंना एक गोष्ट अवश्य वाचून दाखव. येथल्या बागांत आणि रस्त्याकडेच्या हिरवळींवर अनेक ठिकाणी रोटरीच्या लोकांनी जांभळे क्रोकस लावले आहेत, आणि तो रंग निवडण्याचे कारण म्हणजे पोलिओचा डोस दिलेल्या मुलाच्या करंगळीवर लावतात ती जांभळी शाई. काकू पल्स पोलिओच्या रविवारी सकाळी सातला बूथवर जाऊन बसत आणि संध्याकाळी त्यांची स्वतःची बोटे शाईने माखलेली असत, हे मला अजून दिसते. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्यांच्या बोटांवरची शाई येथे गवतातून उगवते, असे त्यांना सांग, त्या हसतील.

आता तुझ्या गच्चीविषयी. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो खरा, पण दुपारी तो तिशीकडे जातो, आणि क्रोकसच्या हिशेबात ही थंडी जमेस धरली जात नाही. गच्चीवर सोडलेले गड्डे माझ्या पहिल्या वर्षीच्या कुंडीची पुनरावृत्ती करतील. एक मार्ग आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीस लहान कुंडीत गड्डे लावून ती कुंडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तेरा-चौदा आठवडे ठेव; माती जेमतेम ओलसर राहू दे, आणि त्या कप्प्यात सफरचंदे ठेवू नकोस, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतले फूल मरते. जानेवारीच्या मध्यावर बाहेर काढून उत्तरेच्या सावलीत ठेव. फुले आली तर पुण्याच्या दुपारी ती फार तर दोन-तीन दिवस टिकतील, आणि त्या गड्ड्यांकडून पुढच्या वर्षी काही अपेक्षा करू नकोस. येथे फुलांनंतर पाने पिवळी पडेपर्यंत सहा-सात आठवडे त्यांना ऊन आणि थोडे पोटॅशचे खत मिळते, त्यातून नवा गड्डा भरतो; तुझ्याकडे तोवर मार्च-एप्रिलची भट्टी पेटलेली असेल. चौदा आठवडे अर्धा फ्रिज अडवून तीन दिवसांची फुले, हा व्यवहार वहिनींना पटवण्याचे काम तुझे.

तुझ्या जागी मी असतो तर केशर लावले असते. तेही क्रोकसच, पण शरदातले, आणि त्याची रीत अगदी उलटी. केशराच्या गड्ड्यात फूल तयार होते ते तेवीस ते सत्तावीस अंशांच्या उबेत, आणि मग सतरा अंशांच्या आसपास आणले की ते बाहेर येते. त्यासाठी माती किंवा पाणीही लागत नाही. गड्डा ताटात ठेवला तरी साठवलेल्या अन्नावर फुलतो. माती लागते ती नंतर, नवे गड्डे भरण्यासाठी. पुण्यातच काही जणांनी काश्मीरहून गड्डे आणून बंद खोलीत केशर घेतल्याचे तू ऐकले असशील. त्याचे गमक हेच. केशराला बी धरत नाही, म्हणून जगातले सारे केशर माणसांनी हातोहात गड्डे वाटून वाढवले आहे. येथून पंचवीस किलोमीटरांच्या आतच सॅफ्रन वॉल्डन नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात तेथे केशर इतके पिकत असे की गावाचे नावच त्यावरून पडले. आज त्या गावात शेती नाही, पण चर्चच्या दगडी कमानीवर कोरलेली फुले आहेत.

मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये दहा गड्डे लावले. त्या वर्षी कोजागिरी ऑक्टोबरच्या अगदी अखेरीस आली, आणि तोवर पाच फुले उमलली होती. प्रत्येक फुलात तीन काड्या, म्हणजे पंधरा काड्या. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुले लागतात, यावरून माझ्या पिकाची तोलाई तू कर. त्या पंधराच्या पंधरा काड्या आटवलेल्या दुधात घातल्या, आणि चंद्र ढगांआड असल्याने दूध स्वयंपाकघराच्या दिव्याखाली प्यालो. रंग आला होता.

एक सावधगिरीची सूचना. येथे शरदात ‘ऑटम क्रोकस’ या नावाने जे एक दुसरे फूल विकले जाते ते क्रोकस नव्हे, कोल्चिकम होय, आणि ते विषारी आहे. ओळखायची खूण सोपी आहे: क्रोकसला तीन पुंकेसर असतात, कोल्चिकमला सहा. आपल्या सह्याद्रीतली कळलावी याच कुळातली आणि तिच्यातही तेच विष, हे कळल्यावर पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर आपण तिची फुले हातात घेऊन फिरलो होतो ते आठवून मला उगाच घाम फुटला. तेव्हा केशराचे फूल म्हणून कोणी काहीही दिले तरी पुंकेसर मोजल्याशिवाय दुधात घालू नकोस.

राहता राहिले तुझे ‘चार कांदे’. ते मी आणणार नाही. परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज लागवडीचे कंद देशात आणण्यास मनाई आहे, आणि मातीबरोबर कोणती बुरशी पुण्याला पोचेल याची हमी मी देऊ शकत नाही. रागावू नकोस. त्याऐवजी तुला आवडणारे चीज दोन डबे आणतो, आणि तू तोवर काश्मीरच्या गड्ड्यांची चौकशी करून ठेव. ऑगस्टपर्यंत मिळाले तर उत्तम.

हे लिहीत असताना खिडकीबाहेर ऊन आले आहे आणि कुंडीवर एक चिमणी बसली आहे. पिवळ्या फुलांच्या कुंडीवर. येथेच थांबतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक