थर्मल कॅमेऱ्यात चित्र ‘हलते’ तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील थर्मल कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. लेख सुबोध आहे; मात्र ‘हललेले चित्र नंतर संगणकावर दुरुस्त करता येते’ हे त्यातील विधान अवरक्त, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण टिपणाऱ्या, सेन्सरच्या बाबतीत अर्धेच खरे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

साध्या कॅमेऱ्यात फोटो हलू लागला की आपण शटरचा वेळ कमी करतो. शीतकरण नसलेल्या थर्मल कॅमेऱ्यात ती सोयच नसते. त्यातील मायक्रोबोलोमीटरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे दोन बारीक पायांवर अधांतरी तोललेला सूक्ष्म पापुद्रा असतो. समोरून आलेल्या अवरक्त किरणांनी तो तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र उमटते. त्याला तापायला आणि निवायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, आणि त्यात घाई करणे कोणत्याही शटरच्या हाती नाही. ६४० पिक्सेल रुंदीचे दृश्य एका सेकंदात समोरून सरकले, तर या १० मिलिसेकंदांत ते सहा पिक्सेलांहून अधिक पुढे गेलेले असते. अशा कॅमेऱ्यासमोर हात झटकन फिरवला, की बोटांमागे फिकट शेपूट ओढली जाते. वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती तर सुटी दिसतच नाहीत, नुसती तबकडी दिसते.

अतिशीत, म्हणजे मुद्दाम खूप थंड ठेवलेले, डिटेक्टर पुष्कळ चपळ असतात, पण तेथेही वेळ कमी केला की सिग्नल घटतो आणि नॉइज (चित्रातला निरर्थक दाणेदारपणा) वर येतो. यावर जुना आणि माझ्या मते सर्वांत देखणा तोडगा उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यांतला ‘टाइम डिले इंटिग्रेशन’ हा आहे: दृश्य ज्या वेगाने सेन्सरवरून सरकते, त्याच वेगाने साठत असलेला सिग्नल एका ओळीतून पुढच्या ओळीत सरकवायचा, म्हणजे जमिनीवरचा एकच ठिपका ओळीमागून ओळ टिपत राहते आणि चित्र हलत नाही. अशा ६४ ओळी असल्या तर सिग्नल ६४ पट होतो, पण यादृच्छिक नॉइज मात्र आठपटच वाढतो. उपग्रहाचा वेग आणि दिशा आधीच ठाऊक असल्यामुळे तेथे हे छान जमते. हातातल्या किंवा वाहनावरच्या कॅमेऱ्याला एकच दिशा नसते. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलखाली स्वतंत्र डिजिटल गणक (सिग्नल मोजून आकडा साठवणारा काउंटर) बसवून, जायरोस्कोपने (कॅमेऱ्याचे वळणे मोजणाऱ्या उपकरणाने) सांगितलेल्या दिशेनुसार त्यातील आकडे शेजारच्या गणकात ढकलण्याची रचना वापरता येते.

अर्थात ही भरपाई संपूर्ण दृश्य एकदम सरकते तेव्हाचीच. स्थिर पार्श्वभूमीवर एखादा माणूस धावत असेल, तर माणसाला स्थिर केल्यावर पार्श्वभूमी पुसट होते.

नंतरच्या दुरुस्तीची मर्यादा इथेच आहे. जे बारकावे फरफटीत विरून नॉइजखाली गेले, ते सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते उठावदार करू गेल्यास नॉइजच उठावदार होतो. सेन्सरमधली भरपाई मात्र सिग्नल साठत असतानाच होते.

लेखासोबतच्या तक्त्यात पिक्सेलसंख्या आणि तापमानाची संवेदनक्षमता दिली होती. पापुद्रा निवण्याचा कालावधी नव्हता. तो एक रकाना असता, तर हलत्या दृश्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा हे वाचकाला तक्त्यावरूनच ताडता आले असते.

आपला,
एक नियमित वाचक